एकीसाठी कोणी काय सोडले?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी आपापली नावे सोडली. अँग्लिकन मंडळी, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा १९२४ मध्येच एकत्र आणलेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट त्या दिवसापासून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) झाले. बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. निर्णयापर्यंत यायला एकेचाळीस वर्षे लागली, आणि ती सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांना तो दिवस पाहता आला नाही.

या घटनेकडे पाहण्याचे दोन सूर मराठी ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतात. एक सूर म्हणतो, जे नागपुरात झाले ते पुढेही होईल; मंडळ्या हळूहळू जवळ येत आहेत. दुसरा म्हणतो, ती एकी कागदावरची होती आणि जगभरच्या मंडळ्या आज जोडल्या जाण्यापेक्षा तुटतच अधिक आहेत. या लेखात हे दोन सूर एका मामा-भाचीच्या तोंडी दिले आहेत. मामा निवृत्त पाळक, सीएनआयमध्ये सारी सेवा केलेले. भाची वकील, धर्मादाय ट्रस्टांची प्रकरणे पाहणारी. दोघे कल्पित आहेत; त्यांच्या बोलण्यातली माणसे, साले आणि निकाल मात्र खरे आहेत.

“मामा, एकीबद्दल बोलताना तुम्ही नेहमी किती मंडळ्या जोडल्या गेल्या ते सांगता,” भाचीने सुरुवात केली. “मला दुसरंच विचारायचं असतं. त्यासाठी कोणी काय सोडलं? काहीच न सोडता लोक एकत्र येतात तेव्हा ते फक्त शेजारी बसलेले असतात.”

“याच मापानं मोजू,” मामा म्हणाले. “पण त्याआधी फूट कुठून आली ते पाहू. ती आपल्या लोकांनी पाडलेली नव्हती.”

महाराष्ट्रापुरते तरी हे खरे आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले. मुंबईत १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा जम पुढे अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात बसला, म्हणून तिथला ख्रिस्ती माणूस काँग्रिगेशनल झाला. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी स्कॉटिश मिशन उभे केले. वऱ्हाडात अलायन्स मिशन, बुलढाण्याकडे नाझरीन, वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक. बाप्तिस्मा घेणाऱ्या शेतकऱ्याने किंवा गावकुसाबाहेरच्या कुटुंबाने वेस्टमिन्स्टरचा विश्वासअंगीकार वाचून प्रेस्बिटेरियन पंथ निवडला नव्हता. त्याच्या तालुक्यात जे मिशन आले, तो त्याचा पंथ. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या पाठोपाठ अँग्लिकन मिशनही आले, तेव्हा एकाच मुलखातल्या नव्या ख्रिस्ती लोकांपुढे दोन मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यातला वाद इंग्लंडच्या इतिहासातला होता.

“या फुटीची लाज सर्वांत आधी हिंदी पुढाऱ्यांनाच जाणवली,” मामा सांगू लागले. “१९१० ची एडिंबरोची जागतिक मिशनरी परिषद घे. सुमारे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशिया-आफ्रिकेतले बोटांवर मोजण्याइतके. त्यांत आजच्या तेलंगणातल्या दोर्णकलचे वेदनायगम सॅम्युएल अझरय्या होते. मिशनरींनी खूप दिलं, आता आम्हाला मित्र द्या, अशी मागणी त्यांनी भर सभेत केली. १९१९ साली तरंगंबाडीला जमलेल्या पाळकांनी लिहून ठेवलं की या फुटी आम्ही निर्माण केल्या नाहीत, त्या आमच्यावर लादल्या गेल्या. आणि १९२७ साली लोझानच्या जागतिक परिषदेत अझरय्यांनी पश्चिमेच्या विद्वानांना सुनावलं, की तुमच्याकडे फूट हे दुबळेपण असेल, आमच्याकडे ती पाप आहे आणि लोकांसमोरची लाज आहे. १९४५ च्या जानेवारीत ते वारले. पुढं पावणेतीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४७ ला, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआय, स्थापन झालं.”

“आणि तिथं कोणी काय सोडलं?”

“दक्षिणेतल्या चार अँग्लिकन धर्मप्रांतांनी आपलं घर सोडलं. एकीत शिरल्याबरोबर ते अँग्लिकन समूहाचे सभासद राहिले नाहीत. १९४८ ची अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथ परिषद त्यांना पूर्ण मान्यता द्यायला तयार नव्हती. कारण एकच. बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्या मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पाळकांना त्यांनी पुन्हा दीक्षा घ्यायला लावली नाही, आहेत तसं सेवक म्हणून स्वीकारलं. ज्या मातृमंडळीत वाढले तिची पूर्ण मान्यता गमावून त्यांनी शेजाऱ्याचा हात धरला. हे थोडं नाही.”

भाचीने हे मान्य केले. नागपूरचे काय, असे तिने विचारले, तेव्हा मामांचा आवाज खुलला.

नागपूरच्या योजनेत दोन गाठी होत्या. पहिली दीक्षेची. अँग्लिकनांना प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा सोडवत नव्हती आणि इतरांना आपली आधीची दीक्षा अपुरी होती असे म्हणवत नव्हते. यावर उपाय निघाला तो परस्परांवर हात ठेवून करायच्या प्रार्थनेचा. प्रत्येक परंपरेच्या सेवकांवर इतरांनी हात ठेवले आणि प्रत्येकाला जे हवे ते देवाने द्यावे, अशी प्रार्थना केली. त्या क्षणी कोणाला नेमके काय मिळाले, याचा निवाडा योजनेने मुद्दाम देवावर सोपवला. दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्या मते विश्वास कबूल करणाऱ्या वयाच्या माणसालाच बाप्तिस्मा देता येतो. बाकीचे तान्ह्या बाळालाही देत आले होते. एकाच मंडळीत दोन्ही रीती राहतील, असे ठरले.

“म्हणजे बघ,” मामा म्हणाले, “स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या मंडळ्यांनी बिशप मान्य केला. अँग्लिकनांनी निवडून आलेल्या सभासदांच्या परिषदेला बांधलेला बिशप मान्य केला. बाप्टिस्टांनी तर ज्या एका मुद्द्यावर त्यांचे पूर्वज तुरुंगात गेले, त्या मुद्द्यावर दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला जागा दिली. एरिक नासिर पहिले मॉडरेटर, म्हणजे मंडळीचे प्रमुख, झाले, एक हिंदी माणूस. यापेक्षा जास्त काय सोडायचं?”

“जमीन,” भाची म्हणाली.

ती वकिलाच्या सवयीने शांतपणे बोलू लागली. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीने १९७० च्या आसपास ठराव करून सीएनआयमध्ये विलीन होण्याचा निर्णय घेतला. पुढे त्याच मंडळीतल्या काहींनी तो मानला नाही. मालमत्ता कोणाची, हा वाद खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली एक निकाल झाला, तो दिवाणी न्यायालयाला अशा वादात अधिकार आहे की धर्मादाय आयुक्तांना, यावर. २०१३ साली दुसरा निकाल आला. नोंदणीकृत संस्था किंवा सार्वजनिक ट्रस्ट केवळ ठरावाने विसर्जित होत नाही. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांतली प्रक्रिया पाळावी लागते. ती पाळली नसेल तर विलीनीकरण कायद्याला बांधत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

“त्रेचाळीस वर्षांनी, मामा. तुमच्या सभेत हात ठेवून प्रार्थना झाली, आणि सात-बारा कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं आणि नंतर बघू म्हणून सोडून दिलं. आज किती मंडळ्यांमध्ये पाळक आणि विश्वस्त एकमेकांना कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात, ते मी रोज बघते. लोकांनी नाव सोडलं, रीत सोडली. बंगले, शाळेची मैदानं, भाड्याचे गाळे यांवरचा ताबा सोडला नाही.”

मामांनी हे नाकारले नाही. त्यांनी उलट भर घातली. बोलण्यांत अखेरपर्यंत बसलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी १९७० मध्येच, उद्घाटनाला काही महिने उरले असताना मागे फिरली. तिच्याशिवायच नागपूरचा सोहळा झाला. १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. “आमच्यातल्या कित्येकांना ती जखम जन्मभर पुरली,” ते म्हणाले. “आम्ही एक खुर्ची मांडून ठेवली होती. ती रिकामी राहिली.”

“मग आशा कशावर धरायची?” भाचीने विचारले. “जगाकडे बघा. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून २०१९ ते २०२३ या काळात साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या, समलिंगी विवाह आणि दीक्षा यांवरच्या भांडणात. युक्रेनमधल्या मंडळीच्या स्वातंत्र्यावरून २०१८ मध्ये मॉस्कोनं कॉन्स्टँटिनोपलशी सहभागिता तोडली. आपल्याच देशात, केरळात, ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट एकाच देवळाच्या किल्ल्यांसाठी भांडतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तरी ते मिटलं नाही. आणि रोम? १८९६ साली तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा निरर्थक ठरवल्या, तो निर्णय अजून उभाच आहे. तुमच्या हातचं प्रभुभोजन माझी वसईची मैत्रीण घेऊ शकत नाही, आणि तिच्या मिस्सात तुम्हाला कम्युनियन मिळत नाही.”

इथे मामा आपल्या आवडत्या साल-सनावळीकडे वळले. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आणि पेट्रिआर्क अथेनागोरस जेरुसलेमला एकमेकांना भेटले आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी दोघांनी ते बहिष्कार मागे घेतले. नऊशे अकरा वर्षांनी. त्याच काळात, २१ नोव्हेंबर १९६४ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यावरचा हुकूमनामा मंजूर केला; आपल्याबाहेरच्या ख्रिस्ती लोकांना परत फिरणारे चुकार न म्हणता वेगळे झालेले भाऊ म्हटले. फुटीला दोन्ही बाजूंची माणसे जबाबदार होती, हेही त्यात कबूल केले.

“आणि ल्यूथरचा मूळ झगडा कशावर होता?” मामा विचारत होते. “माणूस देवापुढं नीतिमान कसा ठरतो, यावर. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथं कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी त्याच मुद्द्यावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूळ सत्यांबद्दल आमच्यात एकमत आहे, आणि सोळाव्या शतकातले निषेध आज समोरच्याच्या या शिकवणीला लागू पडत नाहीत, असं म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड. २८ नोव्हेंबर २०२५ ला पोप चौदावे लिओ आणि पेट्रिआर्क बार्थोलोम्यू तुर्कस्तानातल्या इझनिकला एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. ३२५ साली निकेयाची परिषद भरली ती हीच जागा. सोळाव्या शतकात अशी भेट कोणाच्या स्वप्नात तरी आली असती का?”

“भेटी झाल्या, हे मला दिसतं,” भाची म्हणाली. “पण तुम्हीच कबूल केलेल्या मापानं सांगा. रोमनं काय सोडलं?”

मामा थोडा वेळ थांबले. मग त्यांनी एक बारीक दाखला दिला, आणि तो भाचीला अनपेक्षित होता. १९७० सालीच, नागपूरच्या सोहळ्याआधी आठ महिने, सहाव्या पॉल यांनी मिश्र विवाहाचे नियम बदलले. पूर्वी कॅथलिक नसलेल्या जोडीदाराकडूनही मुले कॅथलिक वाढवण्याचे वचन घेतले जाई. आता वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचे, तेही आपल्याकडून होईल तेवढे करण्याचे. दुसऱ्याला फक्त त्याची कल्पना दिली जाते. दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपला हक्क सांगायचा नाही, एवढे रोमने त्यात सोडले. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा तर ते इतरांच्या हातचाही खरा मानतात.

“हे मला माहीत नव्हतं,” भाची म्हणाली. “आणि १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा तर सगळ्यांना एकच आहे. सरकारदरबारी आपण केव्हाच एक आहोत.” लगेच ती पुढे म्हणाली, “पण मामा, आपण पंथांची भांडणं मोजतोय आणि घरातली खरी भिंत तशीच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे दहा लाख ऐंशी हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्याशा समाजात पंथापेक्षा जात जास्त वाटते. लग्न जुळवताना सीएनआय की मेथडिस्ट हे कोणी फारसं विचारत नाही. पूर्वीचे कोण, हे विचारतात. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्यांबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं होतं, की धर्म बदलला तरी जात सुटली नाही. सहा मंडळ्या एक झाल्या त्या योजनेत याला काय उत्तर होतं?”

“योजनेत नव्हतं,” मामा म्हणाले. “पण मंडळ्या पहिल्यांदा खऱ्या अर्थानं एकत्र उभ्या राहिल्या त्या याच प्रश्नावर, हे तुला मान्य करावं लागेल.”

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. या आदेशाविरुद्ध कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपुरात कचेरी असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया गेली कित्येक वर्षे मिळून १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस पाळतात. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना-सप्ताह असतो. त्याची प्रार्थना आणि मनने वेगवेगळ्या देशांतले गट लिहितात आणि जगभर तीच वापरली जातात. २०१३ साली हे काम भारताकडे आले. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटच्या तरुणांनी मीखा संदेष्ट्याचा सहावा अध्याय निवडला आणि दलितांवरच्या अन्यायाला मध्यभागी ठेवले. त्या आठवड्यात रोमपासून जिनिव्हापर्यंतच्या मंडळ्यांनी भारतातल्या जातीबद्दल प्रार्थना केली.

भाचीचा सूर इथे बदलला. “हे मला पटतं. कारण इथं मंडळ्यांनी आपली अब्रू सोडली. आमच्यात जात नाही, असं परदेशी देणगीदारांपुढं म्हणायची सवय सोडली.”

मामांना मग मराठी मंडळीतली जुनी माणसे आठवली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन मठाच्या आश्रयाने झाला. पण कोणत्या मताला मान डोलवायची हे तिथल्या सिस्टरांनी ठरवावे, हे त्यांनी मानले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अनेक पंथांतली माणसे कामाला घेतली आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा देताना मंडळीचे नाव विचारले नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार टिकला नाही. त्यांची भजने टिकली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली टिळकांची पदे आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंथ न पाहता गायली जातात. १९५३ पासून यवतमाळात आणि १९८३ पासून पुण्यात असलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत निरनिराळ्या मंडळ्यांचे होणारे पाळक एका वर्गात बसतात.

“रमाबाईंनी संरक्षण सोडलं, टिळकांनी पगार सोडला,” मामा म्हणाले. “तुझ्या मापानं हे दोघे पास होतात का?”

“होतात,” भाची हसली. “पण माझा मुद्दाही त्यानं पक्का होतो. व्यक्तींनी सोडलं. संस्थांनी सोडायला फार उशीर लावला.”

“संस्थांनीही सोडलंय, आणि तेच मी तुला सगळा वेळ दाखवतोय. १९४७ मध्ये, १९७० मध्ये. १९७८ पासून सीएनआय, सीएसआय आणि मार थोमा मंडळी यांची संयुक्त परिषद आहे. एकमेकांच्या मेजावर आम्ही मोकळेपणानं बसतो. फरक एवढाच, की तू निकाल मोजतेस आणि मी शतकं मोजतो.”

“मामा, कोर्टात पक्षकाराचं आयुष्य शतकांत मोजता येत नाही.” ती आता थट्टेने बोलत नव्हती. “ज्या मुलीला पुढच्या महिन्यात कॅथलिक मुलाशी लग्न करायचंय, तिला आउग्सबुर्ग सांगून काय उपयोग? तिला सांगा की दोन्हीकडचे पाळक एकत्र बसतील, एकच तयारी-वर्ग घेतील आणि दोन्ही देवळांत तिला परकी समजणार नाहीत. नियमांत हे आज बसतं. रोमची परवानगी नव्यानं मागायची गरज नाही. बिशपची लागते, ती मिळते.”

मामांनी विचारले, मग सुरुवात कुठून करायची. भाचीकडे उत्तर तयार होते. येत्या जानेवारीच्या प्रार्थना-सप्ताहात शहरातल्या सगळ्या मंडळ्यांची एक संयुक्त उपासना होतेच. त्याला एक कामकाजाची दुपार जोडायची. तीन विषय. मिश्र विवाहाची तयारी एकत्र. दफनभूमीच्या जागेची नोंद आणि वाटप एकत्र. आणि ज्या ट्रस्टांवर मंडळ्यांत वाद आहेत, त्यांचे हिशेब सभासदांपुढे खुले.

“पहिले दोन मी माझ्या मंडळीत मांडतो,” मामा म्हणाले. “तिसऱ्याला विश्वस्त येणार नाहीत.”

“तिसरा नसेल तर पहिल्या दोनांना मी येणार नाही.”

“आणि अध्यक्ष कोण?”

“बिशप नको, फादर नको, वकीलही नको. गावाकडच्या मंडळीतली एखादी बाई, जिनं आयुष्यभर देवळाच्या वर्गणीत पैसे घातले आणि जिला ट्रस्टच्या बैठकीत कधी बोलावलं नाही.”

मामांनी वही ओढून तारीख लिहिली आणि तिसऱ्या विषयापुढे कोणाकोणाला स्वतः जाऊन भेटावे लागेल, त्या विश्वस्तांची नावे काढायला सुरुवात केली. चौथ्या नावावर भाचीने हरकत घेतली, आणि वाद पुन्हा सुरू झाला.